क्लॅरिनेटच्या चाव्यांची कटकट कशी घालवायची

वरातीत कुणालाच ऐकू येत नाही. पुढे ढोल, मागे जनरेटर, मधे नाचणारी मंडळी. त्या गदारोळात क्लॅरिनेटची चावी, म्हणजे बोटाने दाबून भोक उघडझाक करायची ती, कटकटली काय आणि न कटकटली काय. त्यामुळे बँडवाल्यांची वाद्यं वर्षानुवर्षं कटकटत राहतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते माईकसमोर बसल्यावर.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतला एक पोरगा क्लॅरिनेटची पेटी घेऊन माडीवर आला. बँडमध्ये वाजवतो, हात गोड आहे. एका स्टुडिओत अभंगाच्या रेकॉर्डिंगला बोलावलं होतं. तिसऱ्या टेकनंतर काचेपलीकडून विचारणा झाली, "दादा, तिकडे टाइपरायटर कोण चालवतंय?" पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. मला म्हणाला, "काका, सगळे कॉर्क बदलून टाका. होईल तो खर्च होऊ दे."

म्हटलं, "बस आधी. सगळं बदलायला हे काय दिवाळीचं रंगकाम आहे?"

मी नाशिकच्या सातपूरला कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे अवजारं बनवतात तिथे, एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर दहीपुलाजवळच्या घराच्या माडीवर वाद्यं दुरुस्त करतो. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा गणपतीचे दिवस सोडले तर बँडवाल्यांची पेटी माझ्याकडेच पडून असते. इतक्या वर्षांत शिकलेलं मुख्य सांगायचं तर हे, की आधी ढिलाई काढायची, मग गादी घालायची. लोक बरोब्बर उलटं करतात. आवाज येतोय ना, मग कोंबा फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा. फेल्टाने आवाज महिनाभर दबतो, चावीची उघड कमी होते, सूर उतरतो, आणि सांध्यात मूळची ढिलाई तशीच झिजत बसते.

पहिलं काम शोधायचं. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाला की मी वाद्य मांडीवर घेतो. माउथपीस लावायचा नाही, फुंकायचं नाही. एकेक चावी आधी सावकाश दाबायची, सावकाश सोडायची, मग वाजवताना दाबतो तशी झटक्यात. दाबताना आवाज येतो की सोडताना, हे वहीत लिहायचं. दोन्हींची कारणं वेगळी असतात. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने संशयित भाग अलगद धरायचा: दांडीचं टोक, स्प्रिंग, शेजारची चावी. बोट ठेवल्यावर आवाज थांबला, की चोर बोटाखाली. तरीही सापडलं नाही तर गॅरेजवाले इंजिनाला लावतात तसा लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, मूठ कानामागच्या हाडाला, टोक पोस्टला. पोस्ट म्हणजे चावीची दांडी ज्यावर फिरते तो छोटा खांब. यात हसण्यासारखं काही नाही. धातूतून आवाज हवेपेक्षा साफ येतो. शेवटी सिगारेटच्या कागदाची पट्टी दोन टेकणाऱ्या भागांत सरकवायची. पट्टी असताना आवाज गेला, काढल्यावर परत आला, तर जागा पक्की झाली.

फुंकल्यावरच झिणझिण येत असेल तर तो वेगळा आजार आहे. एखादा सूर लांबवून धरायचा आणि कुणाला तरी एकेक भागाला बोट लावत जायला सांगायचं. बहुतेक वेळा लिगेचरचा, म्हणजे माउथपीसवर पत्ती आवळणाऱ्या पट्ट्याचा, सैल स्क्रू निघतो. सॅक्सोफोन असेल तर चावीवरच्या जाळीचा सुटलेला डाख किंवा नोटेशन अडकवायच्या क्लिपचा स्क्रू.

आता ढिलाई. चावीची नळी दोन पोस्टांच्या मधे बसते आणि आतून पोलादी दांडी जाते. चावी पकडून पोस्टांच्या दिशेने उजवी-डावीकडे हलवायची. टिक टिक झालं तर नळी झिजून आखूड झाली आहे. मी फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्यातलं, पॉइंट झिरो फाइव्ह मिलिमीटरचं पान फटीत घालून बघतो. पान आरामात जात असेल तर काम करायचं. नळीला आतल्या दांडीसकट गोल खाचेच्या पकडीत धरायचं, हलका दाब देत गोल गोल फिरवायचं. धातू दाबला जातो आणि लांबीत वाढतो. केसाएवढीच वाढ लागते. माझी पकड मीच बनवली आहे, साध्या पकडीच्या जबड्यांना भोक पाडून आणि आतून आरशासारखं पॉलिश करून. पॉलिश नसेल तर नळीवर ओरखडे उठतात. जोरात एकदा दाबण्यापेक्षा हळू वीस वेळा दाबलेलं बरं. नळी लांब झाली की टोकं चौरस घासायची, नाहीतर ती पोस्टावर तिरकी घासते आणि नवीनच कुरकुर सुरू होते.

बरोबर झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे. स्प्रिंग खाचेतून सोडवायची आणि वाद्य हळूहळू कलतं करायचं. चावी स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे, पण पडताना आडवी डुगडुगता कामा नये. दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या तरच सांधा जमला.

टोकदार स्क्रूवर फिरणाऱ्या छोट्या चाव्यांना नळी नसते. तिथे स्क्रू थोडा आत घेतला की ढिलाई जाते. परत सैल होत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका. हिच्या ड्रेसिंग टेबलावरून मी ते उचलतो आणि दर वेळी बोलणी खातो. स्क्रू पूर्ण आवळूनही चावी डुगडुगत असेल तर नेलपॉलिशने भागत नाही. स्क्रूचं डोकं टेकतं ती पोस्टावरची जागा बारीक खोल करावी लागते. ते काम हात बसल्याशिवाय करू नये.

लाकडी क्लॅरिनेटमध्ये आणखी एक भानगड होते. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि पोस्टच लाकडात सैल फिरू लागतात. पोस्ट हलत असताना नळी लांबवणं म्हणजे खांब हलतोय आणि आपण दाराचे कब्जे बदलतोय. आधी पोस्ट चिमटीत धरून बघा.

ढिलाई गेली की तेल. चांगल्या, न झिजलेल्या सांध्याला शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर येईल तेवढं. झिजलेल्या सांध्याला थोडं जाड तेल घालावं. जाड तेलाचा थर दांडी आणि नळीच्या फटीत उशीसारखा बसतो आणि धातू धातूला सरळ आपटत नाही. पक्का इलाज जाड दांडी टाकण्याचा, पण दोन-चार महिने तेलावर निघतात. आधी दांडी काढून जुना काळा चिकटा पुसून घ्या. नुसतं वरून तेल सोडलं तर तो चिकटा पातळ होऊन पॅडवर, म्हणजे भोक झाकणाऱ्या चावीखालच्या गादीवर, उतरतो.

आणि खोबरेल तेल कृपा करून घालू नका. एका डिसेंबरात एक जण सकाळच्या मुहूर्ताच्या लग्नाआधी धावत आला. चाव्या दाबल्या की खालीच राहत होत्या. आदल्या महिन्यात त्याने सगळ्या सांध्यांना घरातलं खोबरेल पाजलं होतं. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि आमच्याकडे थंडीच्या रात्री पारा दहाच्या खालीही जातो. उन्हात ठेवून वेळ मारून नेली, पण नंतर सगळं वाद्य खोलावं लागलं.

स्प्रिंगकडे कुणी बघत नाही. सुईसारखी निळसर पोलादी स्प्रिंग चावीवरच्या बारीक खाचेत टेकलेली असते. ती खाचेत सरकताना चिर्र करते किंवा हलकं टिचकते. खाचेत काडीच्या टोकावर ग्रीस लावलं की संपलं. चपटी स्प्रिंग लाकडावर किंवा धातूवर घासते तिथेही तेच. मात्र स्प्रिंगचा जोर वेगळी गोष्ट आहे. सोडताना चावी धाडकन आपटत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. ती थोडी सैल केली की आवाज आपोआप खाली येतो, फेल्टाची गरजच लागत नाही. फार सैल केली तर चावी उसळून दोनदा टेकते आणि एकाऐवजी दोन आवाज येतात. या दोन्हींच्या मधली जागा बोटालाच कळते.

पोराच्या क्लॅरिनेटचा चोर मात्र यातल्या कुठल्याच ठिकाणी नव्हता. वहीत लिहिलं होतं: डाव्या करंगळीने दाबताना टक, सोडताना टक, उजव्या करंगळीने तीच चावी दाबली तर जवळजवळ काही नाही. म्हणजे पॅड निर्दोष, खालचं बूच, म्हणजे कॉर्क, निर्दोष. डाव्या करंगळीचे लांब दांडे सरळ पॅडला जात नाहीत. दांड्याच्या टोकाला एक बारीक खुंटी असते, ती उजव्या बाजूच्या चावीतल्या भोकात शिरते आणि तिला ओढून नेते. भोक खुंटीपेक्षा किंचित मोठं लागतं, नाहीतर कोन बदलताना अडकेल. या किंचित जागेत खुंटी दोन्हीकडे आपटते. चांगल्या वाद्यांत खुंटीवर पातळ कातड्याची टोपी असते, काही नव्या वाद्यांत खुंटीच प्लॅस्टिकची असते. या पोराच्या वाद्यातली टोपी केव्हाच गळून गेली होती आणि पितळ उघडं चमकत होतं.

मी दुधाच्या पिशवीतून बोटाच्या नखाएवढा तुकडा कापला, भोकावर आडवा धरला आणि खुंटी त्याच्यासकट आत दाबली. बाहेर राहिलेली कड ब्लेडने कापली. दोन्ही खुंट्यांना मिळून दहा मिनिटं लागली. पोराने करंगळी मारून बघितली, परत मारली, मग कानाजवळ नेऊन मारली. "काका, ही अमूलची आहे का गोकुळची?"

पिशवी कायमची नव्हे. वर्षभरात फाटते. जुन्या पॅडवरचं पातळ पापुद्र्यासारखं कातडं जास्त टिकतं, ते असेल तर तेच वापरा. प्लंबरची टेफ्लॉनची पट्टी मी करून पाहिली, ती गोळा होऊन खुंटी अडकते.

मग राहिलं बूच आणि फेल्ट, म्हणजे लोक जिथून सुरुवात करतात ते. चावी उघडते तेव्हा तिचा पाय वाद्याच्या अंगावर टेकतो, तिथे बुचाचा तुकडा हवा. साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा. जिथे एक चावी दुसरीला ढकलते तिथे 0.8, आणि जिथे दोन पॅड एकाच वेळी बसायचे असतात तिथे 0.4 किंवा त्याहून पातळ. करंगळीच्या चाव्यांखाली कावळ्याच्या पायासारखी एक पट्टी असते. तिथे मऊ फेल्ट लावला की आवाज जातो खरा, पण एक पॅड बसतं आणि दुसरं अर्धवट राहतं. मग खालचा सूर कोंबड्यासारखा ओरडतो. तिथे पातळ आणि टणकच वस्तू हवी. गॅरेजच्या सामानाच्या दुकानात गास्केटसाठी रबर मिसळलेल्या बुचाची शीट मिळते. तीच मी घासून पातळ करतो. नुसत्या बुचापेक्षा कमी वाजते आणि चुरा होत नाही.

साध्या बुचासाठी मात्र नाशिककरांनी कुठे जायची गरज नाही. वाइनच्या बाटलीचं अखंड बूच घ्यायचं, चुरा दाबून बनवलेलं नाही. नवं ब्लेड तेलात बुडवून एका दमात पातळ काप काढायचा. करवतीसारखं पुढे-मागे केलं की काप तुटतो. काळी छिद्रं नसलेला भाग निवडायचा. मी स्वतः घेत नाही, पण द्राक्षबागवाले मित्र आहेत, बुचांचा डबा भरलेला असतो. घरात पाहुणे आले की हिला खुलासा करावा लागतो.

चिकटवताना जुना गोंद खरवडून काढा, धातूवर बारीक एमरी फिरवा, स्पिरिटने पुसा. चपला चिकटवतात तो रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं वाळू द्यायचा, मग एकदाच दाबायचं. घाई करणाऱ्याचं बूच पहिल्या पावसात सुटतं. कडा तिरक्या कापल्या की पाय टेकताना कडेवर न बसता सपाट बसतो.

फेल्टाबद्दल माझा हट्ट आहे. स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत फेल्ट वापरू नका. तो दोन महिन्यांत चपटा होतो. हार्मोनियमवाल्यांकडचा दाबलेला लोकरी फेल्ट घ्या. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन थर: खाली पातळ बूच, वर लोकरी फेल्ट किंवा मऊ कातडं. कडक वस्तू टेकताना धक्का एका क्षणात संपतो, म्हणून 'टक' असा तीक्ष्ण आवाज येतो. मऊ थर तोच धक्का लांबवतो, म्हणून 'थप' होतो. थप माईकलाही फारशी खुपत नाही.

जाडी वाढवताना उघड तपासा. भोकाच्या व्यासाच्या चौथ्या भागाइतकी चावी उचलली की बाजूच्या फटीचं क्षेत्रफळ भोकाएवढं होतं, हा शाळेतला हिशोब आहे. पण हवेला वळसा घ्यावा लागतो, म्हणून मी तिसऱ्या भागाच्या खाली जात नाही. त्याखाली गेलं की सूर गुदमरतो आणि उतरतो.

पॅडचं फार लांबवत नाही. 1812 च्या सुमाराला इव्हान म्युलरने 13 चाव्यांचं क्लॅरिनेट केलं, तेव्हा चामड्याच्या चपट्या तुकड्याऐवजी भरीव गादीचं पॅड आणलं. त्या गादीमुळेच चाव्या वाढवणं जमलं, आणि चाव्या वाढल्या म्हणून माझ्या पोटापाण्याची सोय झाली. पॅड भोकावर बसताना होणारा पोकळ 'टप' हा आतल्या हवेचा आवाज आहे, त्याला सूर असतो, आणि तो पूर्ण जात नाही. घालवायचाही नाही. चाव्या थापून तो ऐकला तर कुठलं पॅड गळतंय ते कळतं, गळणाऱ्याचा आवाज बसका येतो. पावसाळ्यात पॅड चिकटून सुटताना 'चप्प' करत असेल तर सिगारेटचा कागद पॅडखाली दाबून ओलावा टिपून घ्या. पावडर टाकू नका. ती ओलाव्यात कालवून लगदा होतो.

सॅक्सोफोनचे दोन हमखास चोर सांगून ठेवतो. एक, मानेवरच्या कडीला खालून ढकलणारी खुंटी. तिच्यावर इलेक्ट्रिकच्या दुकानातली हीट श्रिंक नळी चढवून लायटरने गरम करा, टिकते. दोन, भोंग्यावरच्या मोठ्या चाव्यांच्या जाळीतला फेल्ट. तो पडलेलाच असतो, कारण तो गोल तुकडा सगळ्यात आधी सुटतो.

हे सगळं झाल्या-बिघडल्याचं. नवीन चावी करायची वेळ माझ्यावर एकदाच आली. ओळखीच्या एका बासरीवाल्यांना लांब खर्जाची बासरी हवी होती आणि शेवटच्या छिद्रापर्यंत बोट पोहोचत नव्हतं. बासरीला मुळात चावी नाही, त्यामुळे आलापात एक टक झाली तरी सभागृह वळून बघणार. मी भांडी बाजारातून जर्मन सिल्व्हरची पट्टी आणली. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं. पहिली चावी सुंदर दिसत होती आणि फाटकासारखी वाजत होती. चूक तीन ठिकाणी होती. पोस्ट फार जवळ घेतले होते, त्यामुळे सांध्यातली केसाएवढी ढिलाई दांड्याच्या टोकाला चौपट होऊन निघत होती. दांडा जड होता, जड वस्तू थांबवायला जास्त आपटावं लागतं. आणि दोन दांडे एकमेकांना जिथे टेकत होते ती जागा दोन्ही धुऱ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून बरीच दूर होती, म्हणून दाबताना एक दुसऱ्यावर घसरत होता. दातेरी चाकांना जो नियम आहे तोच इथे आहे: टेकण्याची जागा त्या रेषेवर आली की घसरण जवळजवळ राहत नाही. मी तो टूलरूममध्ये पोरांना शिकवायचो आणि स्वतः विसरलो.

दुसऱ्या चावीत दोन दांड्यांऐवजी एकच ठेवला, पोस्ट एकमेकांपासून दुप्पट अंतरावर घेतले, दांडा आतून कोरून हलका केला. पोस्ट वेळूत ठोकले नाहीत, वेळू तडकतो. पितळी कडं करून त्यावर डाखले आणि कडं दोऱ्याने बांधलं. पॅडला मऊ कातडं, पायाला बूच आणि वर फेल्ट.

पोराच्या क्लॅरिनेटवर अजून एक आवाज राहिला आहे, अंगठ्यामागच्या रजिस्टर चावीचा, म्हणजे सूर वरच्या पट्टीत नेणारीचा. तिची चपटी स्प्रिंग सैल केली तर तो जाईल, पण मग जोरात फुंकल्यावर चावी झिरपायला लागेल. पॅडच्या जागी बुचाचा गोल तुकडा बसवून जेवढा कमी झाला तेवढा केला. त्याला म्हटलं, माईक पुढून लावायला सांग, पाठीमागून नको.